‘इन्ट्रूजन’ म्हणजे दर वेळी घुसखोरीच का?

शब्दवेडी

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. निमित्त एकाच शब्दाचं, आणि तो गेले आठ दिवस डोक्यातून हलत नाहीये: इन्ट्रूजन.

एका इंग्रजी-मराठी शब्दसंग्रहाचं काम हातात आहे. या नोंदीपुढे मी बिनधास्त ‘घुसखोरी’ लिहून पुढे गेले होते. तपासणाऱ्या बाईंनी पान परत पाठवलं. मी दिलेली सहाही उदाहरणवाक्यं घुसखोरीने भरलेली: संगणकाच्या जाळ्यात घुसखोरी, कुणाच्या तरी खासगी आयुष्यात घुसखोरी, विहिरीत खाऱ्या पाण्याची घुसखोरी, जुन्या खडकात शिलारसाची घुसखोरी, मनात नको त्या विचारांची घुसखोरी. सहावं वाचून मलाच हसू आलं. ‘पार्डन द इन्ट्रूजन’चं मी केलं होतं ‘घुसखोरीबद्दल क्षमस्व’. समासात बाईंनी लाल पेनाने विचारलंय: "हा माणूस दार वाजवून आलाय की कुंपणाची तार कापून?"

शिरकाव, अतिक्रमण, लुडबूड, ढवळाढवळ, व्यत्यय असे शब्द मलाही सुचतात, नुसती यादी नकोय. कुठला कुठे आणि का, हे हवंय. मुळात या सहा ठिकाणी इंग्रजीला एकच शब्द का पुरतो, हे कळलं तर माझं काम सोपं होईल.

खवचट_काका

पहिला! धाग्यात न विचारता आलोय, घुसखोरीबद्दल क्षमस्व.

तळटीप

शब्दवेडी ताई, आधी ‘घुसखोरी’चंच बघू. घोटाळा ‘घुस’मध्ये नाही, ‘खोर’मध्ये आहे. हा फारसीतून आलेला प्रत्यय, मूळ अर्थ खाणारा. लाचखोर, नफेखोर, चुगलीखोर, भांडखोर. ‘खोर’ लागला की ते नुसतं कृत्य राहत नाही, माणसाची खोड होते, आणि बहुतेक वेळा वाईट खोड. त्यामुळे घुसखोरी म्हटलं की हेतू आला, दोष आला, आणि करणारा माणूस आला. खाऱ्या पाण्याला यातलं काहीच नसतं.

इंग्रजी शब्दात असा दोष मुळात नाही. लॅटिनमध्ये ‘त्रूदेरे’ म्हणजे ढकलणे, रेटणे, आणि ‘इन’ म्हणजे आत. आत रेटणे, संपलं. त्याच घरातली बाकीची भावंडं बघा: प्रोट्रूड म्हणजे पुढे रेटणे, एक्स्ट्रूड म्हणजे बाहेर रेटणे. शेवयांच्या साच्यातून पीठ बाहेर येतं तसं प्लास्टिकचे पाइप बनवतात, ते एक्स्ट्रूजन. तिथे कुणाचं काही वाईट होत नाही, साधी यंत्रक्रिया आहे.

मराठीत याच्या सगळ्यात जवळचं क्रियापद मला ‘खुपसणे’ वाटतं. नाक खुपसणे! लॅटिन माणसाला हे लगेच कळलं असतं.

रात्रपाळी

तळटीप, खुपसणे भारीच. पण ‘जाळ्यात खुपसण्याची शोधयंत्रणा’ असं लिहिलं तर आमचे साहेब मलाच बाहेर खुपसतील. :-)

मी कंपनीच्या संगणक सुरक्षेत आहे, आणि हा शब्द दिवसातून (म्हणजे रात्रीतून) शंभर वेळा ऐकतो. आमच्याकडे ‘इन्ट्रूजन डिटेक्शन’ असाच रुळलाय. मराठीत सांगताना ‘घुसखोरी शोधणारी यंत्रणा’ म्हणतो आणि ते बरोबरच वाटतं, कारण इथे हेतू असतो. बाकी पाच ठिकाणी बदला, हे राहू द्या.

मीठभाकर

शिरकाव! खाऱ्या पाण्याला शिरकावच. रोगाचा शिरकाव, ओलीचा शिरकाव. कुणाचा दोष नाही, जागा मिळाली म्हणून आत आलं.

समुद्रकाठच्या भूजलावर थोडं काम केलंय म्हणून सांगतो, नेमकं काय होतं ते बघण्यासारखं आहे. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा किंचित जड. गोड्याची घनता १.००० धरली तर समुद्राच्या पाण्याची साधारण १.०२५. त्यामुळे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. हिशोब केला तर भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल, तर खाली जवळजवळ ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला स्वतंत्रपणे हे मांडलं, म्हणून दोघांच्या नावाने ओळखतात.

आता उलट बाजूने बघा. तुम्ही पंप लावून पातळी फक्त १ मीटर खाली आणली, तर खालची खारी सीमा काही काळाने ४० मीटर वर सरकू शकते. समुद्राने काही रेटलं नाही. आपण जागा रिकामी केली आणि तो भरायला आला. नाव मात्र त्याचं, ‘सी-वॉटर इन्ट्रूजन’. म्हणून म्हणतो, शिरकाव लिहा आणि समुद्राला आरोपीच्या पिंजऱ्यातून सोडवा.

शब्दवेडी

मीठभाकर, हे अगदी पटलं. खाऱ्या पाण्याची नोंद बदलली. ‘जागा रिकामी केली आणि तो भरायला आला’ हे डोक्यात राहणार.

दावाअर्ज

ताई, तुम्ही शेवटी जे लिहिलंत त्यावरूनच पुढे जातो, कारण इंग्लंडच्या जुन्या कायद्यात इन्ट्रूजनचा अर्थ जवळपास तोच होता. रिकाम्या जागेत शिरणे.

नीट सांगतो. एखादी जमीन ‘अ’ला त्याच्या हयातीपुरती दिलेली आहे आणि त्याच्यानंतर ती ‘ब’ला जायची आहे. ‘अ’ वारला. ‘ब’ अजून येऊन ताबा घ्यायचाय. या मधल्या फटीत ‘क’ नावाचा तिसराच माणूस येऊन बसला, तर त्याला इन्ट्रूजन म्हणायचे. इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोनच्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात (१७६८) हे अगदी काटेकोर वेगळं केलेलं आहे. मालक वारल्यावर वारसाच्या आधी कुणी शिरला तर त्याला वेगळं नाव, अबेटमेंट. बसलेल्या मालकाला उठवून ताबा घेतला तर आणखी वेगळं, डिसीझिन. म्हणजे माणसाला हुसकावून लावणं हे इन्ट्रूजन नव्हेच! घरात कुणी नाही, दार ढकललं की उघडतं, हक्काचा माणूस वाटेत आहे, तेवढ्यात कुणी आत जाऊन बसतो.

चौदाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत हा शब्द आला तो असाच, हक्क नसताना जागा बळकावणे या अर्थाने. ‘नकोसा पाहुणा’ हा अर्थ नंतर चढला.

खवचट_काका

म्हणजे रेल्वेत खिडकीची सीट. माणूस बाटली भरायला उतरला की बसला दुसरा. रुमाल टाकून ठेवत जा.

दावाअर्ज

काका, कायद्याच्या वर्गात हे उदाहरण मिळालं असतं तर पहिल्याच वर्षी पास झालो असतो. रुमाल म्हणजे ‘ब’चा हक्क. बरोबर.

सीमेवरचा

घुसखोरी म्हटलं की आपल्याकडे एकच

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

संपादक

सीमा, निवडणुका, अमुक पक्ष तमुक पक्ष यासाठी वेगळे धागे आहेत. इथे शब्दापुरतंच बोलूया. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

शब्दवेडी

संपादक, आभार. पण बघा, शब्द उच्चारला मात्र आणि धागा कुठे पळाला! म्हणूनच तो मला सगळीकडे नकोय.

कातळखोद

उशिरा आलो. खडकांचं कुणीच बोलेना म्हणून लॉगिन केलं.

भूविज्ञानात इन्ट्रूजन म्हणजे दोन गोष्टी, आणि दोन्ही नोंदीत द्या. एक, वितळलेला शिलारस आधीच्या खडकात रेटला जाण्याची क्रिया. दोन, तो थंड होऊन तयार झालेला खडकाचा देह. म्हणजे आम्ही डोंगरासमोर उभं राहून बोट दाखवून म्हणतो, ‘ते बघ इन्ट्रूजन’. घुसखोरीकडे असं बोट दाखवता येत नाही, घुसखोराकडे येतं. मराठी पुस्तकांत ‘अंतर्वेशी खडक’ आणि ‘अंतर्वेशन’ असे शब्द आहेत. जड आहेत, पण नेमके आहेत. क्रियेला अंतर्वेशन म्हणा, वस्तूला अंतर्वेशी खडक म्हणा, म्हणजे सरमिसळ होणार नाही. पृष्ठभागावर येऊन सांडला तर ते एक्स्ट्रूजन, तळटीप यांनी सांगितलेलं भावंड.

आमच्या धंद्यात एक नियम शाळेपासून घोकून घेतात: जो कापतो तो धाकटा. एका खडकाला दुसरा आरपार छेदून गेला असेल, तर छेदणारा नंतर आलेला. ऐकायला साधं वाटतं, पण याच्यावरून केवढा वाद पेटला होता! अठराव्या शतकात अनेकांची समजूत अशी होती, की ग्रॅनाइट हा सगळ्यात जुना खडक, आदिम समुद्रातून सगळ्यात आधी साका बसून झालेला. भूवैज्ञानिक जेम्स हटनला ते पटत नव्हतं. १७८५ साली तो स्कॉटलंडमधल्या ग्लेन टिल्ट नावाच्या दरीत गेला. नदीच्या पात्रात त्याला काळपट थरांच्या खडकात लाल ग्रॅनाइटच्या शिरा शिरलेल्या दिसल्या, वाकड्यातिकड्या, फाटे फुटलेल्या. म्हणजे काळे थर आधी होते आणि ग्रॅनाइट तापलेल्या पातळ अवस्थेत नंतर आत आला. हटन इतका हरखला, की बरोबरच्या वाटाड्यांना वाटलं याला सोन्याची किंवा चांदीची शीरच सापडली.

जवळून बघायचं असेल तर एखाद्या डाइकच्या कडेला भिंग घेऊन बसा. (डाइक म्हणजे थरांना छेदून गेलेली उभी भिंत. थरांच्या मधून आडवी पसरली तर सिल.) मधोमध स्फटिक डोळ्यांना दिसतील एवढे, आणि कडेला सरकत जाल तसे बारीक होत होत शेवटी काहीच दिसत नाही. कारण कडेला थंडगार खडक लागला आणि शिलारस झटकन गोठला, स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही. आता रेषेच्या पलीकडे बघा, जुना खडक भाजल्यासारखा कडक झालेला. म्हणजे येणाराही बदलला आणि ज्याच्यात आला तोही बदलला. दोघांच्या अंगावर खूण राहिली. ‘शिरकाव’ म्हटलं की यातलं काहीच येत नाही, म्हणून खडकांसाठी तो चालणार नाही.

तळटीप

कातळखोद, दंडवत. वाचनखूण साठवली.

दंतकथा

कातळखोद यांच्यानंतर लिहायला धजत नव्हते, पण एक छोटी भर. दातांच्या डॉक्टरांकडेही इन्ट्रूजन असतं. लहान मूल तोंडावर आपटलं की कधी कधी पुढचा दात तुटत नाही, पडत नाही, सरळ हाडात आत ढकलला जातो. आईवडील घाबरून येतात, ‘दात पडला, पण सगळीकडे शोधला, सापडतच नाही’. क्ष-किरण फोटो काढला की दात वर हाडात बसलेला दिसतो. मी त्यांना ‘दात आत गेलाय’ एवढंच सांगते, आणि ते पुरतं.

पण शब्दवेडी, तुमच्या नोंदीत ‘नकोसा’ हे विशेषण कायमचं चिकटवू नका बरं. दात सरळ करताना लांब आलेला दात आम्ही तारा लावून मुद्दाम थोडा आत ढकलतो. त्यालाही इन्ट्रूजनच म्हणतात. हवंहवंसं, आणि पेशंट स्वतः सही करून देतो.

शब्दवेडी

अरे देवा. ‘नकोसा प्रवेश’ हीच व्याख्या मी वर लिहून ठेवली होती. ती पण गेली.

रात्रपाळी

दावाअर्ज यांच्याशी भांडायचंय. :-) तुमच्या जुन्या कायद्यात तिसरा, बाहेरचा माणूस लागतो. आमच्याकडे तसं नाही.

१९८० साली जेम्स अँडरसन यांनी एक अहवाल लिहिला होता, आमच्या क्षेत्राची सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात. त्यात त्यांनी बाहेरून येणाऱ्यांपेक्षा आतल्यांचा जास्त बारीक विचार केलाय. एक, दुसऱ्याचा पासवर्ड वापरून दुसरा बनून वावरणारा. दोन, स्वतःच्याच हक्काचा गैरवापर करणारा. तीन, नोंदीच होऊ न देता लपून फिरणारा. दुसऱ्या नंबरचा माणूस बघा. तो कुठेच ‘घुसलेला’ नाही. त्याचं खातं आहे, ओळखपत्र आहे, तो रोज सकाळी गुड मॉर्निंग म्हणतो. १९८७ मध्ये डोरोथी डेनिंग यांनी शोधाचं जे प्रारूप मांडलं, तेही ‘कोण आला’ यावर नाही, ‘नेहमीपेक्षा वेगळं काय घडतंय’ यावर आहे. रोज दहा फायली उघडणारा आज दहा हजार उघडतोय का, एवढंच बघायचं.

आणि बाहेरचा असला तरी तो तार कापून येतो असं नाही. १९८६ मध्ये क्लिफर्ड स्टोल कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत होते. संगणक वापराच्या हिशोबात ७५ सेंटचा फरक आला म्हणून त्यांना तो शोधायला सांगितला. ७५ सेंट! दुसरा कुणी असता तर खिशातून टाकून मोकळा झाला असता. ते मागे लागले, आणि तो धागा पश्चिम जर्मनीतल्या एका हॅकरपर्यंत गेला. तो कुणाच्या तरी खात्याने रीतसर दार उघडूनच येत होता.

दावाअर्ज

रात्रपाळी, भांडा, पण तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय.

जुना कायदा सोडा, नवा घ्या. अमेरिकेत कायदेपंडित विल्यम प्रॉसर यांनी १९६० मध्ये खासगीपणाच्या भंगाचे चार प्रकार पाडले. पहिलाच प्रकार इन्ट्रूजनचा: माणसाच्या एकांतात किंवा त्याच्या खासगी गोष्टींत शिरणे. यात माहिती कुठे छापली पाहिजे, कुणाला विकली पाहिजे असं काही नाही. नुसतं बघितलं तरी पुरे. कॅनडात ऑन्टॅरिओच्या अपील न्यायालयाने २०१२ मध्ये हे मान्य केलं, आणि तो खटला तर तुमच्या दुसऱ्या नंबरच्या माणसाचाच होता. एका बँकेतल्या कर्मचारी बाईंनी दुसऱ्या शाखेतल्या बाईंचे खात्याचे तपशील चार वर्षांत किमान १७४ वेळा उघडून बघितले. दुसरीकडे कुठे दिले नाहीत, पैसे हलवले नाहीत. न्यायालयाने १०,००० कॅनडी डॉलर भरपाई दिली.

त्यांच्याकडे बँकेची किल्ली होती, पण या खात्यात जायचं काम नव्हतं. म्हणजे बाहेरचा-आतला हा मुद्दाच नाही. त्या विशिष्ट जागेत असण्याचा हक्क आहे का, एवढाच प्रश्न.

मीठभाकर

+१. पण दावाअर्ज, याला मराठीत घुसखोरी म्हणाल? मला ‘डोकावणे’ सुचतं. १७४ वेळा डोकावल्या.

दावाअर्ज

डोकावणे गोड आहे, भरपाई मिळणार नाही त्याला. मी ‘खासगी बाबींत अनधिकार प्रवेश’ लिहीन. कोरडं आहे, पण कोर्टात कोरडंच चालतं. वर्तमानपत्रात ‘खासगीपणावर घाला’ लिहितात, ते मला जास्त होतं. घाला म्हटलं की घोडे आणि तलवारी आल्या. इंग्रजीतही ‘इन्व्हेजन’ हा त्याहून चढा शब्द वेगळा आहेच.

कोपऱ्यातला_श्रोता

इंग्रजी उपसर्गाच्या... चुकलो, शब्दयोगी अव्ययाच्या बाजूने एक निरीक्षण. इन्ट्रूजनच्या मागे दोन शब्द येतात, ‘इन्टू’ आणि ‘ऑन’ (किंवा ‘अपॉन’). जागा असेल तर इन्टू, माणसाची शांतता, वेळ, एकांत असेल तर बहुधा ऑन. मराठीतही ही फट आहे की. ‘त’ आणि ‘वर’. हद्दीत शिरकाव, पण हक्कावर अतिक्रमण. आयुष्यात ढवळाढवळ, पण वेळेवर गदा. प्रत्यय लक्षात ठेवला की नाम आपोआप निवडलं जातं.

उच्चाराबद्दल: ‘व्हिजन’मधला ‘ज’ आहे तो. घासून उच्चारायचा. ‘इन्ट्रूशन’ म्हणणारे भेटतात, ते चूक.

आणि आता माझा आवडता इन्ट्रूजन, जो कुणी आणलाच नाही. इंग्लंडमधल्या बऱ्याच लोकांच्या बोलण्यात दोन स्वरांच्या मधे एक ‘र’ येऊन बसतो. लिहिलेला नसतो. ‘लॉ अँड ऑर्डर’ म्हणताना ते ‘लॉ-रँड ऑर्डर’ म्हणतात. ‘आयडिया ऑफ’चं ‘आयडिया-रॉफ’. याला म्हणतात ‘इन्ट्रूसिव्ह आर’. शुद्धतावाद्यांना याचा भयंकर राग. आता गंमत बघा. संस्कृत व्याकरणात असा मधे येऊन बसणारा वर्ण म्हणजे ‘आगम’, आणि त्याच्याबद्दल म्हणतात ‘मित्रवदागमः, शत्रुवदादेशः’. आगम मित्रासारखा येतो, शेजारी बसतो. आदेश शत्रूसारखा येतो, आधीच्याला उठवून त्याच्या जागी बसतो. तोच वर्ण, तेच येऊन बसणं. एकाने घुसखोर म्हटलं, दुसऱ्याने मित्र.

तळटीप

क्या बात है! आणि दावाअर्जांचा ब्लॅकस्टोन आठवला. उठवून बसणारा वेगळा, रिकाम्या जागेत बसणारा वेगळा. वैयाकरण आणि वकील एकाच शाळेतले निघाले.

जाता जाता, ‘प्रक्षिप्त’ कुणीच आणला नाही. समासात कुणीतरी टीप लिहितो, पुढचा नकलणारा ती मूळ मजकूर समजून ओळीत घेतो, झालं. इंग्रजीत त्यालाही इन्ट्रूजन म्हणतात. यातही दोघांपैकी कुणाचाच हेतू वाईट नसतो.

निद्रानाश

मनातल्या विचारांचं राहिलं. मला स्वतःला याचा अनुभव आहे म्हणून लिहितो. उंच गॅलरीत उभा असताना ‘आता हातातला फोन खाली टाकला तर’ असा विचार येतो. टाकायचा नसतो. उलट मूठ घट्ट होते. पण विचार येतोच. कित्येक वर्षं मला वाटायचं आपल्यात काहीतरी बिघाड आहे. मग वाचनात आलं, की १९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्व्हा यांनी कुठलाही मानसिक आजार नसलेल्या लोकांना असे विचार येतात का हे विचारलं, आणि सुमारे ८० टक्के लोक हो म्हणाले. त्या दिवशी नीट झोपलो.

याला ‘घुसखोर विचार’ अजिबात म्हणू नका, विनंती आहे. घुसखोर म्हटलं की माणूस त्याला हाकलायला उठतो, आणि हाकलायला गेलं की तो जास्त येतो. ‘अनाहूत विचार’ कसं वाटतं?

तळटीप

अनाहूत छान आहे, पण फक्त ‘न बोलावलेला’. कवितेची ओळही अनाहूत येते आणि आपण खूश होतो.

खवचट_काका

उपटसुंभ विचार!

निद्रानाश

काका, हसलो. खरं सांगू, हे मला सगळ्यात जवळचं वाटलं. कुठून उगवला, कोण आहे, काही पत्ता नाही, आणि येऊन मधोमध बसतो. घाबरण्यापेक्षा उपटसुंभ म्हणून सोडून देणं सोपं. शब्दसंग्रहात चालेल का माहीत नाही, मी वापरणार.

शब्दवेडी

निद्रानाश, नोंदीत ‘अनाहूत, नकोसे विचार’ देतेय. उपटसुंभ माझ्या वहीत.

तळटीप

शेवटचा लांब प्रतिसाद, मग गप्प बसतो. ताईंचा मूळ प्रश्न होता, सहा ठिकाणी एक शब्द का पुरतो. उत्तर मला स्कॉटलंडच्या इतिहासात सापडलं.

तिथल्या चर्चमध्ये १७१२ च्या कायद्याने गावचा धर्मोपदेशक ठरवायचा हक्क जमीनदाराला होता. गावाला पसंत असो वा नसो. याला विरोध करणारे स्वतःला ‘नॉन-इन्ट्रूजन’वाले म्हणवत. १८३४ मध्ये त्यांनी चर्चच्या सभेत नियम करून घेतला, की कुटुंबप्रमुखांपैकी बहुसंख्यांनी नाकारलं तर माणूस नेमायचा नाही. त्याच वर्षी ऑक्टेरार्डर गावात या नियमाची परीक्षा झाली. ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी नकार नोंदवला. बोलावणाऱ्या पत्रावर गावातल्या फक्त दोघांच्या सह्या. प्रकरण कोर्टात गेलं, हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं, आणि निकाल जमीनदाराच्या बाजूने लागला. अखेर १८ मे १८४३ ला एडिनबरोमध्ये शेकडो धर्मोपदेशक सभेतून उठून बाहेर पडले आणि त्यांनी वेगळं चर्च काढलं. घर, पगार, सगळं सोडून.

आता शब्दाकडे बघा. इथे आलेला धर्मोपदेशक घुसखोर नव्हता. त्याला रीतसर पत्र होतं. त्याला दुसऱ्या कुणीतरी आत ढकललं होतं. इंग्रजीत तेव्हा ‘इन्ट्रूड’ सकर्मकही होतं, कुणाला तरी कुणावर तरी. मराठीत त्याला आपल्याकडे चोख शब्द आहे, ‘लादणे’. हे लक्षात आलं आणि माझ्यापुरतं कोडं सुटलं. इंग्रजी शब्द फक्त रेटा आणि जागा एवढंच बघतो. रेटणारा कोण, हेतू काय, हे वाक्यावर सोपवतो. मराठी नाम निवडतानाच आपल्याला हे सांगावं लागतं. स्वतः मुद्दाम आला तर घुसखोरी, आपोआप आलं तर शिरकाव, दुसऱ्याने ढकललं तर लादणूक, येऊन बसला आणि हलेना तर अतिक्रमण, आला आणि हात घालायला लागला तर लुडबूड.

कातळखोद

सहमत. शिलारसालाही खालून कुणीतरी रेटतच असतं. तो हौसेने येत नाही.

शब्दवेडी

मंडळी, पान पूर्ण झालं. बाईंना पाठवलं, आणि पाचही नोंदी मान्य होऊन आल्या. ‘लादणूक’ ही सहावी म्हणून वाढवली, ती त्यांना विशेष आवडली.

अडलंय ते पहिल्या दिवशीचंच वाक्य, ‘पार्डन द इन्ट्रूजन’. मी ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ लिहिलं. त्यावर लाल शेरा: "ही दूरदर्शनवरची पाटी आहे."

दंतकथा

‘येऊ का?’ झालं की! दारात उभं राहून माणूस एवढंच म्हणतो.

दावाअर्ज

नाही हो. ‘येऊ का’ आत येण्याआधी. हे वाक्य आत आल्यावरचं आहे. गुन्हा घडून गेलाय, आता माफी.

मीठभाकर

‘मधेच आलो, माफ करा.’

शब्दवेडी

हे जवळचं आहे. पण फोनवर, ईमेलमध्येही हेच लिहितात, तिथे कुठे येणार?

कोपऱ्यातला_श्रोता

मग क्रियापदच काढून टाका. ‘मधेच त्रास देतोय, पण...’ आणि पुढे कामाचं. मराठीत माफी त्या ‘पण’मध्ये असते.

खवचट_काका

मधेच त्रास देतोय, पण धागा वर आणायचा होता. बाई काय म्हणाल्या?

शब्दवेडी

काका, लाल पेन नाही. पेन्सिलीने एक बरोबरची खूण.